गल्लीत वर्षानुवर्षं पडून असलेली गाडी कशी हलवायची: बडोद्यातल्या रहिवाशांसाठी

दांडिया बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत एक पांढरी मारुती ८०० नऊ वर्षं उभी होती. चारही टायर बसलेले, रिमा जमिनीला टेकलेल्या, बॉनेट आणि काचेच्या फटीतून पिंपळाचं रोप हातभर वर आलेलं. मागच्या काचेवरच्या धुळीत पोरं क्रिकेटचा स्कोअर लिहायची. गणपती आणायच्या दिवशी मंडळाचे सहा जण मागची बाजू उचलून गाडी भिंतीला लावायचे आणि तेवढ्यावर वर्ष निघायचं.

मग एका जूनमध्ये समोरच्या घरातल्या आजोबांना रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. १०८ आली, पण त्या गाडीपाशी तिला वळता येईना. आम्ही स्ट्रेचर उचलून नाक्यापर्यंत पळालो. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद-पेन घेऊन बसलो. गाडी गल्लीतून गेली तेव्हा दसरा जवळ आला होता. या चार महिन्यांतले जवळजवळ तीन महिने मी चुकीच्या दारात उभा होतो. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. "गाडी उचला" एवढ्याच तक्रारीवर कुठलीही कचेरी हलत नाही, कारण बेवारस दिसणारी गाडी बहुतेक वेळा बेवारस नसतेच. तिचा नंबर असतो, आरसी बुक कुणाच्या तरी नावावर असतं, आणि ते नाव असलेला माणूस गेलेला तरी असतो किंवा गाव सोडून गेलेला तरी. गाडी कुणाची आणि ती कशी पडून राहिली, हे कळलं की कोणाकडे जायचं ते आपोआप ठरतं.

आधी गाडी कुठल्या प्रकारची ते ओळखा

मालक किंवा त्याचे वारस शेजारपाजारच्यांना माहीत आहेत, अशा गाड्या जुन्या वस्तीत सगळ्यात जास्त. रावपुरा, वाडी, नवापुरा, घडियाळी पोळ, कुठेही बघा. तिथे सरकारी कचेरीच्या आधी माणसाला गाठायचं.

नंबर आहे पण मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही, आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर आहे, तर काम वाहतूक पोलीस आणि महापालिकेची दबाण शाखा यांचं. बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगतो: महाराष्ट्रात ज्याला अतिक्रमण विभाग म्हणतात, त्याला इथे दबाण शाखा म्हणतात. टेलिफोनवर "अतिक्रमण" म्हणालात तर पलीकडचा दोन क्षण गप्प होतो.

नंबर प्लेट काढलेली, काच फोडलेली, एका रात्रीत अचानक येऊन उभी राहिलेली गाडी असेल, तर थेट पोलीस स्टेशन. तिला हात लावू नका, दार उघडू नका, आत काय आहे ते डोकावून बघू नका. ११२ किंवा १०० ला फोन करा आणि मुलांना लांब ठेवा.

पोलीस चौकीबाहेर गंजत पडलेल्या जप्त गाड्यांची गोष्ट वेगळी, सोसायटीच्या आवारातल्या गाड्यांची त्याहून वेगळी. दोन्हींकडे पुढे येतो.

आणखी एक प्रकार आपल्याकडे अलीकडे वाढला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळघरातल्या आणि सखल भागातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. काहींचा विमा मिळाला, काहींचा नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून लोकांनी गाड्या जिथे होत्या तिथेच सोडल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. पैसे हातात आले की माणूस गाडी विसरतो, पण आरसी त्याच्याच नावावर राहते. तुमची गाडी यातली असेल तर शेवटचा भाग आधी वाचा.

पुरावा जमवा, आणि तो खडूने जमवा

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२७ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली किंवा बेवारस उभी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोइंग करून हलवायला किंवा चाकाला लॉक लावायला परवानगी देऊ शकतो. दहा महिने नाही, दहा तास. आमच्या गाडीला नऊ वर्षं झाली होती, तरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला विचारलं गेलं, "कशावरून पडून आहे? मालक रोज रात्री घेऊन जात नसेल कशावरून?" हसू नका, प्रश्न रास्त आहे. सिद्ध आपल्यालाच करायचं असतं.

करायचं असं. टायरवर खालच्या बाजूला खडूने एक रेघ मारा आणि तीच रेघ तशीच पुढे रस्त्यावर ओढा. गाडी इंचभर जरी हलली तरी टायरवरची आणि रस्त्यावरची रेघ जुळणार नाही. रेघेचा जवळून एक फोटो घ्या, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून. चोवीस तासांनी परत. आठ दिवसांनी परत. पावसाळ्यात खडू धुऊन जातो, तेव्हा तैलरंगाची बारीक रेघ रस्त्यावर आणि टायरवर मात्र खडू, असं करा. दुसऱ्याच्या गाडीला रंग लावायचा नाही.

बाकीचे फोटो: चारही बाजू, नंबर प्लेट, बसलेले टायर, आणि गाडीमुळे रस्त्याची रुंदी किती उरली ते मोजपट्टी लावून. हा शेवटचा फोटो मी उशिरा काढला आणि पश्चात्ताप झाला, कारण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. आमची गल्ली गाडीपाशी सहा फूट दोन इंच उरत होती. कागदावर "अडचण होते" लिहिलं की ते मत ठरतं. "सहा फूट दोन इंच" लिहिलं की साहेब मान वर करून बघतात.

नंबर प्लेट नसेल तर चॅसिस नंबर हवा. मोटारसायकलचा बहुधा हँडलच्या मानेवर, म्हणजे पुढचा काटा जिथे चौकटीला मिळतो त्या नळीवर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने गंज पुसा, कोरडं करा आणि आडवा खडू हलक्या हाताने फिरवा. अक्षरं खोलगट असल्याने काळी राहतात आणि बाजूचा पत्रा पांढरा होतो. १७ अक्षरं-आकडे मोजून लिहा आणि फोटो काढा. मोटारीचा नंबर बहुधा बॉनेटखाली असतो. तो तुम्ही बघायचा नाही, पोलिसांना बघू द्या. बंद गाडी उघडणं हा आपला अधिकार नाही.

मालकाला शोधा, हे सगळ्यात मोलाचं काम

एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कोणत्या आरटीओची गाडी हे दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण जुन्या वस्तीत अर्धं नावही पुरतं. आमच्या गाडीच्या नावातली तीन अक्षरं बघून गल्लीतल्या मंगलाकाकू लगेच म्हणाल्या, "अरे, हे तर वरच्या मजल्यावरचे मास्तर!" मास्तरांना जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी, आमच्या आजी, मुलाकडे पुण्याला.

फोन मी केला. तो फोन मी फार चुकीचा केला असता, कारण मनात राग होता. काकूंनी आधी मला चहा दिला आणि सांगितलं, "त्यांना गाडीचं बोलू नकोस. आधी तब्येत विचार. मग १०८ ची रात्र सांग." मी तसंच केलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळा, ती विकायची हिंमत झाली नाही रे माझी. यांनी पीएफ काढून घेतली होती. कुणाला त्रास होत असेल असं डोक्यातच नाही आलं. काय करायचं ते सांग, सही करते."

तीन महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून जे झालं नव्हतं ते एका फोनवर झालं. म्हणून कळकळीने सांगतो, अर्ज लिहायच्या आधी दोन संध्याकाळी शेजाऱ्यांत घालवा. किराणावाला, इस्त्रीवाला, जुना दूधवाला, मंडळाचे जुने कार्यकर्ते, यांना विचारा. गाडीमागे बहुतेक वेळा कुणाचं तरी जाणं, घरातली वाटणी, नाहीतर न फिटलेलं कर्ज असतं.

मालक माहीत आहे पण दाद देत नाही, तर लेखी कळवा. गाडीचा नंबर, जागा, किती दिवसांपासून, काय अडचण, आणि १५ दिवसांत हलवली नाही तर पोलीस आणि महापालिकेला कळवू, एवढंच. धमकी नको, हिशेब नको. पत्र स्पीड पोस्टाने पोहोचीसह पाठवा; रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून वायपरखाली ठेवा आणि तिचाही फोटो घ्या. हे पत्र कायद्याने तुमच्यावर बंधनकारक नाही, पण पुढे प्रत्येक टेबलावर ते आधी मागितलं जातं.

वाहतूक पोलीस

गाडी रस्त्यावर आहे, नंबर आहे, पुरावा आहे, तर पहिला अर्ज इथे. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय असल्याने अर्ज वाहतूक शाखेच्या नावे करा आणि आपल्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला प्रत द्या. त्यात दोन कलमांचा उल्लेख हवा. एक वर सांगितलेलं १२७. वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तासांचीही वाट बघावी लागत नाही, गाडी लगेच हलवता येते, आणि टोइंगचा खर्च मालकाकडून वसूल होतो. दुसरं कलम २०१: रहदारीला अडथळा होईल अशी गाडी ठेवल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड.

एक गोष्ट समजून घ्या म्हणजे चिडचिड होणार नाही. रोजची टोइंग व्हॅन ही चालू गाड्यांसाठी असते. बसलेले टायर, जाम झालेले ब्रेक, गंजून सुटलेला हूक, अशी गाडी तिला ओढता येत नाही. तिला पाटा असलेली गाडी (जिच्या सपाट पाटावर बंद गाडी चढवून नेतात) किंवा क्रेन लागते, आणि पोळमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, क्रेन वळेलच असं नाही. म्हणून अर्जातच लिहा: "चारही चाके निकामी, गल्लीची रुंदी इतकी, मोठे वाहन अमुक नाक्यापर्यंत येऊ शकते, तिथून पुढे माणसांनी ढकलावे लागेल, रहिवासी मदत करतील." हे एक वाक्य मी घातलं नव्हतं. व्हॅन आली, बघून परत गेली, आणि कागदावर शेरा पडला की काम शक्य नाही.

महापालिका

आपल्या महानगर सेवा सदनाची, म्हणजे महापालिकेची, मुख्य कचेरी खंडेराव मार्केटच्या इमारतीत, पण सुरुवात आपल्या वॉर्ड ऑफिसपासून करा. गुजरातच्या महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा, मूळचा मुंबई प्रांताचा. त्याच्या कलम २३० ने रस्त्यात वस्तू ठेवून अडथळा करायला मनाई आहे, आणि कलम २३१ ने अशी वस्तू नोटीस न देताही हटवायचा अधिकार आयुक्तांना आहे. भंगार झालेली गाडी, नुसता सांगाडा, रिक्षाचं टप, हातगाडी, यांच्यासाठी दबाण शाखा हाच नीट रस्ता. गाडी अजून गाडी दिसत असेल आणि चालू नोंदणीची असेल तर ते पोलिसांकडे बोट दाखवतील, आणि बऱ्याचदा पोलीस त्यांच्याकडे. माझा दीड महिना असाच गेला.

यावर माझ्या अनुभवातला उपाय: एकच अर्ज, दोन पत्ते. वरच्या ओळीत दोन्ही कचेऱ्या, खाली "प्रत रवाना" मध्ये दोन्ही पुन्हा. दोन्हीकडे आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि दुसऱ्या कचेरीत पहिल्याचा आवक नंबर दाखवा. मग "तिकडे जा" म्हणता येत नाही, कारण तुम्ही तिकडून आलेले असता.

अर्ज गुजरातीत लिहा. घरात आपण मराठी बोलतो, पण फाईल गुजरातीत पुढे सरकते, आणि कारकुनाला वाचताना अडखळायला लागू नये ही सोय आपलीच. मजकूर असा ठेवा. मी इथे मराठीत देतो:

"विषय: अमुक गल्लीतील घर नंबर अमुक समोर सार्वजनिक रस्त्यावर पडून असलेले वाहन हटवण्याबाबत. सदर वाहन (नंबर, रंग, कंपनी) सुमारे इतक्या वर्षांपासून एकाच जागी आहे. चारही चाके निकामी आहेत. वाहनामुळे रस्त्याची रुंदी इतके फूट उरते. अमुक तारखेस रुग्णवाहिका आत येऊ शकली नाही. मालकास अमुक तारखेस लेखी कळवले आहे (पोहोच जोडली आहे). मोटार वाहन कायदा कलम १२७ व महानगरपालिका कायदा कलम २३०, २३१ अन्वये कार्यवाही व्हावी. सोबत: तारखेसह फोटो, जागेचा नकाशा, रहिवाशांच्या सह्या."

एका पानावर बसवा. सह्या दहा-बारा घरांच्या पुरतात, पण नावापुढे घर नंबर हवाच. हातानेच काढलेला नकाशा जोडा: नाका, देऊळ, पाण्याची टाकी, गाडी. पोळमधली घरं शोधायला अनोळखी माणसाला अर्धा तास लागतो. नगरसेवकाला प्रत द्या. शहरात १९ निवडणूक वॉर्ड आहेत आणि प्रत्येकात चार नगरसेवक, त्यातल्या एकाला तरी तुमची गल्ली नक्की माहीत असते.

अर्जाशिवाय दोन बाजूंनी जोर लावता येतो. एक मलेरिया शाखा. पावसाळ्यात जुन्या टायरांत, बॉनेटच्या खोबणीत, बसलेल्या छतावर पाणी साचतं, आणि डेंग्यूचा डास अंड्यापासून आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. अंडी कोरड्या टायरातही महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अळ्या दिसल्या तर पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन फोटो काढा आणि आरोग्य विभागाला वेगळी तक्रार करा. त्यांच्या तपासणीचा कागद तुमच्या फाईलला जोडा. दुसरी बाजू अग्निशमन दलाची: गल्लीच्या तोंडाशी गाडी अडलेली असेल तर बंब आत येऊ शकत नाही, हे लेखी कळवा. माझ्या मते हे दोन कागद "रहिवाशांना गैरसोय" या शब्दांपेक्षा दहापट वजनदार आहेत.

नंबर नसलेली किंवा संशयास्पद गाडी

पोलीस स्टेशनला लेखी कळवा आणि जाणवाजोग नोंद (गुन्हा न नोंदवता केलेली माहितीची नोंद) करून तिचा नंबर मागा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" सेवेत चोरीच्या गाड्यांची माहिती असते. चॅसिस किंवा इंजिन नंबरावरून ती तपासली जाते. चोरीची निघाली तर कुणाची तरी गाडी परत मिळेल, आणि पुढचं सगळं पोलिसांचं.

पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या बेवारस मालाबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ५०३ आणि ५०४ लागतात. मालक माहीत नसेल तर दंडाधिकारी जाहीर सूचना काढतात, सहा महिन्यांत दावा सांगायला वेळ देतात, आणि कुणी आलं नाही तर विक्रीचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे अशी गाडी उद्या उचलली तरी लगेच भंगारात जाणार नाही. ते बरोबरच आहे.

चौकीबाहेरच्या जप्त गाड्या

या गाड्यांबद्दल लोक हळहळतात पण अर्ज करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं पोलीस स्टेशनात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. फोटो आणि पंचनामा करून, जामीन-हमी घेऊन ती मालकाला द्यावीत, आणि मालक, विमा कंपनी किंवा आणखी कुणीही दावा करत नसेल तर लिलाव करावा. आपल्याच राज्यातलं प्रकरण, देशभर लागू झालेलं. तुमची स्वतःची गाडी मुद्देमालात अडकली असेल तर वकिलाला या निकालाचं नाव सांगा आणि ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करा. रस्ता अडत असेल तर पोलीस आयुक्तांना सामूहिक अर्ज द्या.

सोसायटीच्या आवारातली गाडी

कलम १२७ सार्वजनिक जागेसाठी आहे. सोसायटीच्या बंद आवाराला ते सरळ लागत नाही, म्हणून वाहतूक पोलीस आत येत नाहीत. समितीने ठराव करायचा, आरसीवरच्या पत्त्यावर आणि शेवटच्या ज्ञात पत्त्यावर सूचना पाठवायची, सोसायटीच्या फलकावर लावायची, आणि पोलिसांना लेखी कळवून चोरीची नाही ना ते तपासून घ्यायचं. गाडी आधीच्या भाडेकरूची असेल तर घरमालकाला पक्षकार करा. समितीने परस्पर भंगारवाल्याला बोलावू नये. दुसऱ्याच्या नावावरची गाडी विकणं हा गुन्हाच, मग ती कितीही गंजलेली असो.

काहीच हललं नाही तर

अर्जाला महिना झाला की माहिती अधिकारात विचारा: अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, फाईलवरच्या शेऱ्यांच्या प्रती द्या. गुजरातेत शुल्क २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "का नाही केलं?" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही, "काय केलं?" विचारा. पुष्कळदा उत्तर देण्याआधी कामच होतं.

त्यापुढे "स्वागत" हा राज्याचा तक्रार निवारण कार्यक्रम आहे, २००३ पासून चालू. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी तिथे तक्रार जाते, आणि आधी खालच्या कचेरीत अर्ज केल्याचा कागद लागतो. म्हणूनच आवक नंबर जपून ठेवा. जीवाला धोका किंवा कायमचा अडथळा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

गाडी तुमच्याच घरची असेल तर

हा भाग मनापासून वाचा, कारण बहुतेक गल्ल्या इथेच मोकळ्या होतील.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १५ वर्षांनंतर कारचं शुल्क ५,००० रुपये आणि दुचाकीचं १,०००. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांना कारचे १०,००० आणि दुचाकीचे २,०००. उशीर केला तर दर महिन्याला दुचाकीला ३०० आणि कारला ५०० रुपये वेगळे. चालणार नसलेली गाडी ठेवून घेण्याची किंमत दर महिन्याला वाढत जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी, आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांत नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात किंवा संकलन केंद्रात जमा करणं मालकावर आहे. आणि गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आधीपासूनच बंधनकारक आहे.

आजींच्या गाडीला आम्ही हा क्रम लावला. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. दहा वर्षं उलटली होती, म्हणून उशिराचा दंड भरला. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आणि आजींचं ओळखपत्र पुण्याहून मागवलं. आरसी बुक कुठेच सापडेना, तेव्हा हरवल्याची पोलिसात नोंद करून फॉर्म २६ ने दुसरी प्रत काढली. बडोद्याचं आरटीओ दरजीपुऱ्याला आहे, सकाळी लवकर जा. कर्जाची नोंद राहिलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फेडून पंधरा वर्षं झाली तरी आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. जुने ई-मेमो (वाहतूक दंडाची ई-चलनं) बाकी असतील तर तेही भरून टाका.

मग स्क्रॅपिंग. साध्या भंगारवाल्याकडे देऊ नका. तो रोख पैसे जास्त देईलही, पण नोंदणी रद्द होत नाही, आणि तुमच्या नावाचा नंबर उद्या कुठल्या गाडीवर लागेल ते सांगता येत नाही. नोंदणीकृत केंद्र (आरव्हीएसएफ) चोरी, कर्ज, थकबाकी या सगळ्याची पडताळणी करतं, गाडी स्वीकारल्यावर ठेव प्रमाणपत्र देतं आणि नोंदणी रद्द होते. केंद्राचं नाव परिवहन मंत्रालयाच्या यादीत आहे ना ते आधी बघा. मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन आणि रद्द केलेला चेक बरोबर ठेवा. किंमत साधारण त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली जाते. प्रमाणपत्र नवी गाडी घेताना दाखवलं की नोंदणी शुल्क माफ, आणि खाजगी गाडीवर रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीवर १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. स्वतःला गाडी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याला हस्तांतरित करता येतं. आजींच्या नातवाने तेच केलं.

गाडी न्यायला येतात त्याच्या आदल्या दिवशी सगळे कप्पे रिकामे करा. ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याचे जुने कागद, एक चष्मा आणि विजेच्या बिलांचा गठ्ठा निघाला. आजींनी एकच वस्तू मागितली होती: डॅशबोर्डवर चिकटवलेला अंगठ्याएवढा गजानन. चाकूच्या पात्याने जपून सोडवला आणि कापसात गुंडाळून पुण्याला पाठवला.

पाट्याची गाडी नाक्यावर उभी राहिली. मंडळाच्या मुलांनी आधीच्या रात्री ब्रेक ड्रमवर तेल सोडून ठेवलं होतं, चाकांखाली जुन्या सायकलचे पाइप घातले, आणि अर्ध्या तासात मारुती नाक्यापर्यंत सरकली. ती होती तिथे खाली ड्रेनेजचं झाकण निघालं. पावसाळ्यात गल्ली का तुंबते म्हणून आम्ही दरवर्षी तक्रार करत होतो, आणि साफसफाईवाले झाकण सापडत नाही म्हणून परत जात होते.

दोन कामं त्या आठवड्यात करा. नोंदणी "रद्द" झाल्याचं ॲपवर स्वतः बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट वारसांना पाठवा. दिसत नसेल तर प्रमाणपत्राची प्रत घेऊन आरटीओला जा. आणि मोकळ्या जागेवर पांढरे पट्टे मारून "नो पार्किंग" लिहिण्याचा अर्ज त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला द्या. आमच्याकडे पाचव्या दिवशी एक बंद पडलेली स्कूटर तिथे येऊन टेकली होती. तिच्या टायरवर मंगलाकाकूंनी लगेच खडूची रेघ ओढली.